दारातली मोटार

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक दहाव्या प्रकरणात मोटार घेऊन खंडाळ्याचा घाट उतरतो. रात्र आहे, पाऊस आहे, त्याच्या मनात वादळ आहे. आणि तो 'आवेगाने ब्रेक दाबून गिअर बदलतो.' हे वाक्य त्या वेळी मला फार आवडले होते. पुस्तक निघाल्यावर विदर्भातल्या एका वाचकांचे पत्र आले. बाकी साऱ्या कादंबरीची स्तुती करून त्यांनी शेवटी लिहिले होते, "बाई, गिअर बदलताना क्लच दाबतात. आपला नायक त्या घाटातच गेला असता, तर पुढची अकरा प्रकरणे आम्हांला वाचायला मिळाली नसती." मी उत्तर पाठवले, चूक कबूल केली, आणि दुसऱ्या कादंबरीपासून माझी सगळी पात्रे एस. टी.ने हिंडू लागली.

ही पत्रातली चूक सुधारायला मला पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले. आता माझ्याजवळ मोटार चालवण्याचा परवाना आहे, आणि दारात मोटारही आहे. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय? आज गावोगाव दारात मोटारी आहेत. खरे आहे. पण मोटार दारात असणे आणि ती कुणाला चालवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला एका रात्रीने शिकवले.

आम्ही मुरूड तालुक्यात नांदगावला राहतो. सुपारीची आणि नारळाची वाडी, मध्ये घर, आणि रस्त्यापासून घरापर्यंत दोन जांभ्या गडग्यांमधून येणारी अरुंद पाणंद. हे जहाजावर असतात; वर्षातले सहा-सात महिने त्यांचा पत्ता म्हणजे समुद्र. मुलगा शिकायला पुण्याला. घरात मी आणि सासूबाई. मी गावच्या शाळेच्या शिशुवर्गात मुलांना शिकवते. माझे शिक्षण जुन्या भाषेत बोलायचे तर मॅट्रिक. पण 'ग' गिरवून घ्यायला तेवढे पुरते.

२०२३ सालच्या जुलैतली ती रात्र. रात्री दीडच्या सुमारास आई न्हाणीत घसरल्या. मी धावले, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. रुग्णवाहिका दुसरा रोगी घेऊन लांब गेलेली. रिक्षावाल्यांचे फोन लागेनात. मी शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या आणि त्यांची लेक कंदील घेऊन आल्या. वहिनींचे यजमान मुंबईला गेले होते. मोटार त्यांच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती. वहिनी घाईघाईत तिची किल्लीही घेऊन आल्या होत्या. कशाला आणली, ते त्यांनाही सांगता आले नसते.

आई आमच्याकडे पाहत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मोटार आहे, किल्ली आहे, आणि तुम्ही तिघी बायका नुसत्या उभ्या आहात गो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी गंमत लक्षात आणून द्यावी तशा त्या बोलल्या. मला मात्र खाली पाहावे लागले.

पहाटे पावणेचारला मासळीचा टेम्पो मिळाला. त्यात गादी घालून आईंना निजवले आणि चाळीसेक किलोमीटर अलिबाग गाठले. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. दोन तासांच्या उशिराने काही बिघडले नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण त्या दोन तासांत आई एकदाही ओरडल्या नव्हत्या. ते मला विसरता येईना.

पुढच्या हिवाळ्यात, आई काठीवर चालू लागल्यावर, मी मोटार शिकायला नाव घातले. मास्तर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते मला 'बाई' म्हणत आणि मी त्यांना 'सर' म्हणे. पहिल्या आठवड्यातच मी गाडी इतकी सुरेख चालवू लागले की माझे मलाच नवल वाटले. नंतर कळले की शिकवण्याच्या मोटारीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. म्हणजे मी शिशुवर्गात मुलाचा हात धरून पाटीवर 'ग' काढते, आणि मूल घरी जाऊन सांगते, "मी काढला!" तसलाच हा प्रकार. शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मी तीस दिवसांऐवजी पाच महिने घेतले. शिकाऊ परवाना सहाच महिने चालतो, म्हणून जाणे भाग पडले. नाहीतर मी अजून गिरवतच बसले असते. गणपतींच्या पेणला जाऊन चाचणी दिली आणि पास झाले. मॅट्रिकच्या निकालानंतर मी दिलेली ती पहिली परीक्षा.

परवाना हाती आला, आणि मग मोटार कोणती घ्यायची, हा प्रश्न घरात आला. प्रश्न आला तसे सल्लेही आले.

पनवेलचे भावोजी म्हणाले, "वहिनी, घ्यायची तर दणकट, उंच गाडी घ्या. आपल्या रस्त्यांचे खड्डे पाहता ना? आणि चार लोकांत बरी दिसते." मुलाने फोनवरून सांगितले, "आई, ऑटोमॅटिक घे, क्लचची भानगडच नको." ह्यांनी कुठल्याशा बंदरातून कळवले, "तुला हवी ती घे," आणि मागोमाग पाच गाड्यांची चित्रे पाठवली. शाळेतल्या एका बाईंचे मत पडले की आकडा शुभ मिळाल्याशिवाय कुठलीच घेऊ नये.

माझ्याजवळ होते चार लाख. भिशीचे, पुस्तकांच्या मानधनाचे, आणि वाडीचे. वाडीचे म्हणायचे ते आता थोडेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले आणि एका दुपारीत शंभर-सव्वाशे सुपाऱ्या आडव्या झाल्या. नवी रोपे लावली. पण सुपारी काही भाजीपाला नव्हे, हाताशी यायला वर्षे घेते. तेव्हा चार लाखांत मोटार, तिचा विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती, सारे बसवायचे होते. मी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला.

मग एका संध्याकाळी बांबूची काठी घेऊन पाणंद मोजली. सर्वांत अरुंद जागी दोन गडग्यांमध्ये सहा फूट आठ इंच. भावोजींची दणकट गाडी आरसे धरून तिथे अडकली असती, आणि आमच्या गडग्याचा जांभा तिच्याहून दणकट. भावोजींचा सल्ला असा काठीनेच निकालात निघाला.

स्वस्त मोटार ही आपल्याकडची फार जुनी इच्छा आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास स्वतःच्या हिकमतीने एक छोटी मोटार घडवायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यात सुधारणा केल्या. 'मीरा' तिचे नाव. बारा हजारांत ती सामान्य माणसाला द्यायची, हा त्यांचा विचार; पण तिचा मोठा कारखाना काही उभा राहिला नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किंमत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात. या गाडीने मध्यमवर्गाला मोटारीत बसवले, आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. भर पावसात स्कूटरवर दाटीने चाललेले कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली. २००९ साली ती लाखाच्या किमतीत रस्त्यावर आली आणि दहा वर्षे पुरी व्हायच्या आत बंद पडली. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला, तोच नडला, असे खुद्द टाटाच पुढे म्हणाले. माणसाला स्वस्त वस्तू हवी असते. स्वस्त वस्तूचा मालक म्हणवून घ्यायचे नसते.

त्या पहिल्या किल्लीच्या प्रसंगाचा फोटो मी पाहिला, तेव्हा मला आमच्या वहिनी आठवल्या. तिथेही किल्ली एका बाईच्याच हातात होती, पण ती पुढे कुणाला द्यायची, हे ठरलेले होते.

नवी घ्यावी की जुनी? सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि जो तो म्हणू लागला, "बाई, आता नवीच घ्या." मलाही मोह पडला. पण नवी म्हणजे कर्ज आले, आणि शिशुवर्गाच्या बाईला कर्ज देताना बँक चष्मा पुसून पाहते. शिवाय मी माझ्या हाताला ओळखून होते. पहिले वर्षभर मी गाडी गडग्याला घासणार, हे ठरलेले. नव्या कोऱ्या गाडीला पहिला ओरखडा पडला की माणूस गाडी बाहेर काढायलाच भितो, आणि भीतीने उभी राहिलेली मोटार म्हणजे पुन्हा ती वहिनींच्या अंगणातली मोटार. तेव्हा आधीच दोन-चार ओरखडे असलेली घ्यावी, असे मी ठरवले.

जुनी मोटार पाहायला मी गॅरेजच्या मेस्त्रींना घेऊन जाऊ लागले. त्या दीड महिन्यात मी जेवढे शिकले तेवढे सगळ्या शाळेत शिकले नसेन. मेस्त्री रंगाकडे पाहतच नसत. ते आधी खाली वाकत, बोनेटला हात लावत. बोनेट कोमट असले की म्हणत, "बाई, आपण यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलीय. उद्या सकाळी न सांगता येऊ." थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना खरे बोलते, असे त्यांचे म्हणणे. मागून निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. किलोमीटरचा आकडा फसवतो. दुरुस्तीच्या जुन्या पावत्या सहसा फसवत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर मोटारीचा खरा शत्रू खारी हवा. दरवाज्याची खालची कड, मागचे जादा चाक ठेवायची खोबण आणि गाडीचे पोट, इथे गंज आधी धरतो. एक गाडी अगदी चकचकीत होती. 'मुंबईच्या डॉक्टरांनी वापरलेली, दवाखान्यापासून घरापर्यंत,' असे विकणारा सांगत होता. मेस्त्रींनी पायाखालची चटई उचलली. खाली वाळू, आणि वाळूत एक नखाएवढा शिंपला. मेस्त्री शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांचा दवाखाना पुळणीवर असेल." सुट्टीत हौसेने वाळूवर, पाण्याच्या कडेने गाड्या पळवतात, ते मीठ पुढे वर्षानुवर्षे पोटातून पत्रा खात असते.

दुसऱ्या एका गाडीची किंमत इतकी कमी होती की मी मनात होकारही दिला होता. मेस्त्रींनी पुढचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर गढूळ रेघ होती. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली. आत गुंडाळलेला पट्टा धुवायचे कुणाच्या लक्षात येत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, ते आम्ही जिल्ह्यातल्या लोकांनी पाहिले आहे. ती रेघ पाहून मला गाडीचा राग आला नाही. तिच्या पहिल्या धन्याचे काय झाले असेल, हाच विचार मनात आला. गाडी मात्र सोडली.

सीएनजीची घ्यावी तर इंधनाचा खर्च कमी. पण बहुतेक गाड्यांत सिलिंडर मागची जागा खातो, आणि तिथे आईंचा वॉकर ठेवायचा होता. ऑटोमॅटिक जुनी घेतली तर दुरुस्तीला हात लावायला आमचे मेस्त्री तयार नव्हते. एअरबॅगचा नियम मी वहीत लिहून ठेवला होता. चालकापुढची १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या माणसापुढची सर्व नव्या मोटारींना १ जानेवारी २०२२ पासून. शेजारी आई बसणार. तेव्हा दोन्ही हव्यातच.

या सगळ्यात आई काही बोलत नव्हत्या. मी दर वेळी येऊन वर्णन करी, त्या ऐकून घेत आणि सुपारी कातरत राहत. एकदा म्हणाल्या, "माझ्यासाठी घेऊ नकोस हो. मी आता किती दिवसांची? तुझ्यासाठी घे." मी म्हटले, "आई, तुम्हांला बसता आले नाही तर मला ती चालवता येणार नाही." त्यावर त्यांचा अडकित्ता क्षणभर थांबला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी इंजिन पाहिले, पत्रा पाहिला, टायर पाहिले. बैठक कुठे पाहिली? खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने खोल बसू नये, गुडघे कमरेच्या वर जाऊ देऊ नयेत, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला पसंत पडलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांत आईंना उतरवताना विहिरीतून घागर काढावी तसे ओढून काढावे लागले असते.

शेवटी रेवदंड्याला एक वॅगनआर मिळाली. २०१९ सालची, पांढरी, पुढे दोन्ही एअरबॅग असलेली. डाव्या दाराला लांबट ओरखडा, मागच्या बंपरला पोचा. पट्टा स्वच्छ, चटईखाली वाळू नाही, सकाळी थंड असताना पहिल्या फिरकीत चालू झाली. मी मालकांना विनंती केली, की गाडी एकदा आमच्या दारी आणा. ते भले गृहस्थ, घेऊन आले. पाणंदीतून गाडी आली, दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा राहिली.

आई ओटीवरून काठी टेकत उतरल्या. दाराकडे पाठ केली, शिकवल्याप्रमाणे आधी बसल्या, मग काठी मला देऊन एकेक पाय आत घेतला. कुणी हात दिला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. आत बसून त्यांनी समोरच्या काचेतून वाडीकडे पाहिले; पडलेल्या सुपाऱ्यांच्या जागी लावलेली रोपे आता पुरुषभर उंच झाली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही घे. हिच्यात बसायला उठाबशा काढाव्या लागत नाहीत."

तीन लाख नव्वद हजार ठरले. नावावर करण्याचे अर्ज भरले. जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा पुस्तकावरून उतरला आहे, याची खात्री केली. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घेतला. त्यांना न मागितलेल्या भरपाईपोटी हप्त्यात मिळत असलेली सूट गाडीबरोबर येत नाही, ती त्यांचीच राहते, हेही त्या वेळी समजले. इंधनात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून मेस्त्रींनी रबरी नळ्या तपासून दिल्या. आणि त्यांनीच आठवण केली, "बाई, किल्ल्या दोन्ही मागून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही विचारतात."

पहिल्या रविवारी आईंना त्यांच्या माहेरी चौलला न्यायचे ठरले. काशीदच्या चढावर पुढे बस थांबली, मलाही थांबावे लागले, आणि निघताना इंजिन बंद पडले. गाडी वीतभर मागे सरकली. मागे पर्यटकांच्या चार-पाच गाड्या. सगळ्यांनी एकदम भोंगे सुरू केले. माझे पाय थरथरू लागले. शेजारी मास्तर नव्हते, त्यांच्या पायाखालचा ब्रेक नव्हता. आई समोर पाहत म्हणाल्या, "वाजवू देत. आपण दोन तास थांबलो होतो, ते दोन मिनिटे थांबतील."

मी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, क्लच हळूहळू सोडला. माझ्या नायकाने दहाव्या प्रकरणात न केलेले सारे मी त्या चढावर क्रमाने केले, आणि गाडी वर चढली.

चौलला आईंचे भाऊ अंगणात उभे होते. ड्रायव्हर कोण, म्हणून त्यांनी मागे वाकून पाहिले. आई म्हणाल्या, "मागे कुणी नाही रे. हीच."

घरी आल्यावर मी एक किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला लावली. दुसरी रुमालात गुंडाळून वहिनींकडे घेऊन गेले. त्यांच्या यजमानांची मोटार अजून अंगणात पत्र्याखाली तशीच उभी असते. तिची एक किल्ली आता आमच्या खुंटीला आहे. वहिनींनी माझी किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "मला घेऊन काय उपयोग बाई? मला कुठे येते?"

मी म्हटले, "मलाही येत नव्हती."

त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा शाळेतून येताना पाहिले, तर मोटार शिकवणाऱ्या मास्तरांची लाल अक्षराची गाडी नाक्यावरून अगदी बैलगाडीच्या चालीने येत होती, आणि आत वहिनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, पापणीही न हलवता समोर पाहत बसल्या होत्या. मी हात केला. त्यांनी पाहिले नसावे. ते ठीकच झाले. शिकताना रस्त्यावरून नजर काढू नये.